ताईच्या गाडीतला ठेका

गाड्यांमध्ये स्पीकर बसवणाऱ्या त्या माणसाला सगळे फ्यूजराव म्हणत. गिऱ्हाईक म्हणायचं, "आवाज कसा दणदणीत पाहिजे!" आणि हा विचारायचा, "फ्यूज आहे का?" उमेदवारीच्या काळात त्याने एक गाडी डोळ्यांदेखत पेटताना पाहिली होती. माणसं वेळेत उतरली म्हणून वाचली. तेव्हापासून त्याच्या हाताला घाई म्हणून कसली ती माहीत नव्हती. लोक वैतागून दुसरीकडे जात, आणि बरेचसे निमूट परतही येत.

थोरली बहीण मात्र कधी आपलं गिऱ्हाईक होईल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. तापाचं निमित्त होऊन ऐन तिशीत तिचे कान गेले होते. ओठांवरून ती बोलणं ओळखायची, आणि स्वतः घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त बोलायची. एके सकाळी ती नवऱ्याला घेऊन दुकानासमोर हजर झाली.

"हिच्यासाठी मीच गाडीत दणक्याचे स्पीकर, सबवूफर बसवले," भाऊजी चाचरत म्हणाले. "पण जळका वास येतोय."

त्याने चकित होऊन ताईकडे पाहिलं. तिने हसून स्वतःच्या पाठीवर थोपटून दाखवलं. "मी आता इथून ऐकते. रस्त्यावरून ट्रक गेला की घर हादरतं ना, तसं गाणं अंगात शिरतं बघ."

त्याने बॉनेट उघडलं, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली आणि आत वाकून तारांचा माग घेतला. ॲम्प्लिफायरला जाणारी जाड तार फ्यूजशिवाय थेट पत्र्याच्या भोकातून आत शिरली होती. भोकाच्या धारेने तिचं आवरण सोलून तांबं उघडं पडलं होतं.

"भाऊजी, हे तांबं पत्र्याला टेकलं असतं तर गाडी पेटली असती." भाऊजींचा चेहरा खर्रकन उतरला.

"मला वाटलं, आवाज येतोय म्हणजे झालं काम."

"जाऊ द्या. वास आल्या आल्या आलात, हेच मोठं केलंत."

त्याने जुनी तार ओढून काढली. भोकात रबरी कडं बसवून त्यातून नवी, चांगली जाड तार घेतली आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज लावला. भाऊजींनी ॲम्प गालिच्याखाली दडपला होता, तो हवा खेळेल असा डिकीत आणला आणि सबवूफरची पेटी आवळून बसवली. सगळं तपासून बॅटरी जोडली आणि गाणं लावलं. त्याच्या कानाला आवाज अगदी सुरेख लागला.

ताई मागच्या सीटवर तळवे टेकून बसली होती. तिने मान हलवली. "मध्येच तुटतंय."

"काहीतरीच काय, ताई! मी ऐकतोय ना."

"तू ऐकतोयस रे. माझ्या हाताला वेगळंच कळतंय. हे बघ... आत्ता गेलं."

भावाला हसू आलं, पण बहिणीपुढे कोणाचं चालतं? त्याने गाणं थांबवलं, बॅटरी पुन्हा सोडवली. ॲम्पची अर्थिंगची, म्हणजे पत्र्याला जोडायची तार तेवढी भाऊजींनी आवळलेल्या बोल्टवरच राहिली होती. घट्ट दिसला म्हणून त्यानेही तो उघडून पाहिला नव्हता. बोल्ट हाताला चांगलाच कोमट लागला. काढून पाहतो तर खाली जाड रंग, आणि तार धातूला जेमतेम टेकलेली.

"चुकलोच," तो ताईसमोर येऊन म्हणाला. तिला ओठ दिसावेत म्हणून मुद्दाम सावकाश.

"परत म्हण, नीट दिसलं नाही," ताई म्हणाली. तिला सगळं दिसलं होतं. भाऊजी सकाळपासून पहिल्यांदाच हसले.

त्याने रंग खरवडून पत्रा चकचकीत केला आणि तार पक्की आवळली. गाणं पुन्हा सुरू झालं. ताईने डोळे मिटले आणि तिची बोटं सीटवर ठेका धरू लागली. भाऊजी दाराशी उभं राहून काहीतरी विचारत होते, पण मिटल्या डोळ्यांना ते कसं ऐकू यावं? फ्यूजरावने त्यांना हळूच बाजूला घेतलं आणि म्हणाला, "गाणं संपू द्या. तोवर चहा घेऊ."