ओढ्यापलीकडची लाइन

भारनियमनाच्या त्या वर्षांत मी कागलच्या बाजूला एका वीज उपकेंद्रावर कनिष्ठ अभियंता होते. कुठल्या लाइनीला किती तास बंद ठेवायचं, हे वरून गट पाडून ठरायचं. ज्या लाइनीवर वीजचोरी आणि गळती जास्त, तिला अंधार जास्त. बाजारपेठेची लाइन वरच्या गटात होती, ओढ्यापलीकडचं गाव खालच्या.

एका दुपारी त्या गावची पिठाची गिरणी चालवणारी बाई पन्नासेक माणसं घेऊन आली. सगळ्यांनी कंट्रोल रूममध्ये ठाण मांडलं.

"म्याडम, ओढा वलांडला की उजेड. आमी काय चोर हाय व्हय?"

"नवी लाइन मंजूर आहे, मावशी. खांब उभे राहिले की..."

"दोन वर्सं तेच ऐकतोय. आमास्नी बाजारच्या लाइनीवर घ्या. आत्ता."

"तिकडं शहरात, राजारामपुरीत, तुमच्या घरी पंखा फिरतोय न्हवं?" मागून कुणीतरी ओरडलं. फिरत होता.

ओढ्याजवळच्या खांबावर दोन्ही लाइनी जोडायचा स्विच होता. पण बाजारची तार जुनी, तिला एवढा भार झेपणार नव्हता. साहेबांना फोन केला तर म्हणाले, "पोलिसांना बोलवा." कशाच्या बळावर ते आजही सांगता येत नाही, पण मी लाइनमनला स्विच जोडायला सांगितलं आणि गिरणीवाल्या मावशींना पॅनेलपुढं उभं केलं.

"हा भार दाखवणारा काटा. लाल खुणेपाशी गेला की तार तापते. बघत राहा."

काटा चढत गेला. गावात लाइट आल्याचं कळताच बाहेर आरोळी उठली. मावशींनी मान वळवली नाही. काटा खुणेपलीकडं गेला.

"थांबवा की," त्या हळूच म्हणाल्या.

लाइनमनला सांगायला मी फोनकडे हात नेला तोवर ब्रेकर धाडकन पडला. गावाबरोबर बाजारही बंद. लगेच बाजारातल्या प्रसूतिगृहातून फोन आला. बाई टेबलावर होती आणि जनरेटर चालू होत नव्हता. लाइनमन खांबावर चढून स्विच सोडवेपर्यंत बाजार परत चालू करता येत नव्हता. बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचं संध्याकाळी कळलं, तेव्हा मी टेबलावर डोकं ठेवून रडले.

"नव्या लाइनीचा खांब कुनाच्या रानात अडलाय?" मावशींनी जाताना विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याबरोबर आल्या. शेत एका निवृत्त मास्तरांचं. अर्धी पट्टी आधीच रस्त्यात गेलेली.

"तुमच्या नकाशात माजं रान मोकळं दिसतंय," मास्तर म्हणाले. "मी काय खायाचं?"

त्यांचं चुकत नव्हतं. मी लाइन बांधाकडेनं वळवली. दोन खांब वाढले, वरून मंजुरी न घेता सही माझी. स्विचबद्दल एक मेमो मिळाला, खांबांबद्दल दुसरा.

हिवाळ्यात गावाला स्वतंत्र लाइन मिळाली. तिच्यावर गळती कमी निघाली, गट बदलला, गिरणी दिवसभर चालू लागली. गावाच्या जुन्या लाइनीवर मात्र आजूबाजूच्या दोन वाड्या तेवढ्या उरल्या. त्यांची गळती आता गावाच्या सरासरीत न मिसळता वेगळी मोजली गेली आणि त्यांचे अंधाराचे तास वाढले. हे मला आधी सुचायला हवं होतं.

वाड्यांची माणसं आली तेव्हा मी ते तसंच कबूल केलं. त्यांच्यासाठीही वेगळ्या लाइनीचा प्रस्ताव लिहिला. तो मंजूर व्हायच्या आत माझी बदली झाली.