कवळीवाली पाहुणी

तिला सगळे पाहुणी म्हणत. शाळेच्या दाखल्यावर तिचं एक बरंसं नाव होतं, पण ते हजेरीपुरतं. घरात, गल्लीत आणि पुढे कामावरही ती पाहुणीच राहिली.

वडील गेले तेव्हा ती पाच वर्षांची होती. छपाईच्या कारखान्यात जिन्यावरून पडल्याचं निमित्त झालं आणि माणूस आठवड्यात संपला. पुढच्या वर्षी आईने तिला काकांच्या दारात आणून सोडलं. आईचं दुसरं लग्न ठरलं होतं, हे तिला बऱ्याच वर्षांनी कळलं. त्या दिवशी आई फक्त वाकली, तिच्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाली, "थंडी संपली की येते न्यायला." एवढं बोलून हसली. आईच्या पटाशीच्या दोन दातांमध्ये काडी जाईल एवढी फट होती, ती हसली की दिसायची. डोळे कसे होते, केस कसे होते, हे नंतर हळूहळू पुसत गेलं. फट तेवढी लक्षात राहिली.

थंडी संपली, पुढची आली, आई काही आली नाही. त्या सुमारास काकांनी सगळ्या घराला फोटो काढायला स्टुडिओत नेलं. काका, काकू आणि तीन चुलत भावंडं पडद्यासमोर बसली. ही सगळ्यांचे कोट सांभाळत दाराशी उभी होती. फोटोवाल्याने तिलाही बोलावलं, तेव्हा काकू म्हणाली, "ती नको. ती पाहुणी आहे, तिची आई येणारेय न्यायला." काकूच्या मनात काही वाकडं नव्हतं. तिला खरंच तसं वाटत होतं. पण मोठ्या चुलत भावाने तो शब्द उचलला, शाळेत नेला, आणि महिन्याभरात मास्तरणींच्याही तोंडी तो बसला.

काकू वाईट होती असं पाहुणी कधी म्हणाली नाही. दोन खोल्यांचं घर, स्वतःची तीन पोरं, आणि हे चौथं तोंड काकूने काही मागून घेतलेलं नव्हतं. पाहुणीला गोवर आला तेव्हा पाच दिवस काकूच उशाशी बसली होती. पण मायेचंही वाटप असतं, आणि ते करताना तळाशी उरलेलं कुणाच्या वाट्याला जाणार हे ठरलेलं होतं. पाहुणीची गादी इस्त्रीच्या टेबलाखाली होती. पायातले बूट चुलत बहिणीचे जुने, एक माप मोठे, पुढे कापूस कोंबलेले. ती चालायची तेव्हा तिच्या आधी तिचे बूट यायचे, असं भाऊ म्हणायचा, आणि सगळे हसायचे. तीही हसायची. पाहुण्याने यजमानाच्या विनोदाला हसायचं असतं, हे तिला न शिकवता समजलं होतं.

दुधाचे दात पडून पक्के दात आले, आणि मधे फट. काकूने हनुवटी धरून पाहिलं. "गेली आईवर. तोंड मिटून हसत जा बाई." तेव्हापासून हसू आलं की तिचा हात आपोआप तोंडावर जायला लागला. घरात कुणी नसलं की मात्र ती बादली पालथी घालायची, तिच्यावर चढून बेसिनवरच्या आरशात दात विचकायची आणि बघत राहायची. आईला भेटायची तिच्याकडे तेवढीच एक जागा होती.

शाळा संपली तशी काकांनी ओळखीने तिला कामाला लावून दिलं. औषधाच्या दुकानावर दोन खोल्या होत्या, तिथे कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनत. डॉक्टर लोक तोंडाची मापं पाठवायचे, त्यावरून प्लॅस्टरचे जबडे ओतायचे, मग मेणात एकेक दात लावायचा. सगळ्यावर पांढरी भुकटी बसलेली, हवेत तापल्या मेणाचा वास, आणि फळीवर चिठ्ठ्या लावलेले चाळीस-पन्नास जबडे आ वासून बसलेले. तिथले मालक सत्तरीचे होते. त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांची वरची कवळी स्वतःच्या हातची होती, आणि गिऱ्हाईक का-कू करायला लागलं की ते ती काढून टेबलावर ठेवत. नमुना म्हणून.

पाहुणीचा हात हलका होता. दोन वर्षांत ती दात लावायला लागली. पहिली पूर्ण कवळी तिने मोठ्या हौसेने मास्तरांपुढे ठेवली. सगळे दात एका रेषेत, मोजून मापून. मास्तरांनी ती फिरवून पाहिली. इतके सरळ दात कुंपणाला असतात, माणसाला नाही, असं म्हणून त्यांनी तिला खिडकीशी बसवलं आणि समोरच्या बसथांब्यावरच्या माणसांची तोंडं बघायला सांगितलं. एक सुळा किंचित पुढे हवा, एक दात जरासा झिजलेला हवा. माणूस जेवलाय, बोललाय, भांडलाय हे दातांवर दिसलं पाहिजे. पाहुणीला हे जड गेलं नाही. ती जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडांकडेच तर बघत आली होती. काकू आज खूश आहे की नाही हे काकूने तोंड उघडायच्या आधी तिला कळायचं.

बावीस वर्षांची असताना तिने भीतभीत मास्तरांना विचारलं, माझी फट बुजवता येईल का. मास्तरांनी लगेच माप घेतलं, जबडा ओतला आणि तो हातात धरून म्हणाले, "दोन टोप्या बसवल्या की झालं, संध्याकाळपर्यंत देतो. पण आधी सांग, ही फट नकोय कुणाला? तुला, की आणखी कुणाला?"

तिने उद्या सांगते म्हटलं, उद्याचा परवा झाला, आणि महिन्याने मास्तरांनी तो जबडा तिच्या टेबलावर आणून ठेवला. फट राहिली. त्यानंतर हात तोंडावर जायचा कमी होत गेला. नेमका कधी थांबला ते तिलाही सांगता येणार नाही.

मास्तर गेल्यावर ती त्यांच्या टेबलावर बसली. गावातले डॉक्टर आता चिठ्ठीवर लिहून पाठवू लागले, पाहुणीबाईंच्या हातची हवी. कुणी नवा माणूस विचारायचा, या पाहुणीबाई कधी परत जाणार? बाकीचे सांगायचे, वीस वर्षं झाली, निघायचं नाव नाही. तिने स्वतःची खोली घेतली. लग्नाचा योग आला नाही म्हणा, की तिने येऊ दिला नाही म्हणा. कुणी फार जवळ आलं की तिला वाटायचं, हाही आता कोटाचं बटण लावेल आणि जाईल.

मनात एक गोष्ट मात्र तिने कायम धरून ठेवली होती. आईने पत्रं पाठवली असणार. ती काकूने कुठेतरी ट्रंकेच्या तळाशी दडवली असणार. काकू वारली, ट्रंक उघडली, त्यात नुसत्या जुन्या चादरी निघाल्या. तरी तिची आशा सुटेना. शेवटी एकदा काकांना नवी कवळी बसवायला गेली असताना तिने विचारलं.

काका बराच वेळ नव्या दातांवरून जीभ फिरवत राहिले.

"नाही गं," ते म्हणाले. "तुझी काकू तोंडाची तिखट होती, पण पत्र तिने लपवलं नसतं. आलंच नाही कधी." मग म्हणाले, "पत्ता मात्र होता माझ्याकडे. तू मागितला नाहीस, मी दिला नाही."

आईने दारात सोडल्याला अडतीस वर्षं झाली तेव्हा पाहुणी चार तासांचा बसचा प्रवास करून त्या पत्त्यावर गेली. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानामागे एक खालच्या मजल्यावरचं घर होतं. दार उघडलं ते एका बाईने. पुढचे दात गेलेले, ओठ आत ओढलेले. कोण हवंय, बाईने विचारलं. पाहुणी तिच्या चेहऱ्यात शोधत राहिली आणि तिला काहीच सापडेना. घर चुकलं म्हणून माफी मागावी, या विचाराने ती ओशाळून हसली. बाईने तिचं हसू पाहिलं आणि चौकट धरली.

"आत ये," बाई म्हणाली. "दार लाव, मांजर बाहेर जाईल."

आईने चहा केला. दुसरा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता. मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला होता, आणि आपल्याला बहीण आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. हे सगळं आई कपाकडे बघत सांगत होती. पाहुणीने विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी तिने विचारलंच, न्यायला का आली नाहीस.

आई म्हणाली, "आले असते तर मग मला परत जाता आलं नसतं. आणि मला परत जायचं होतं. आता खोटं कशाला बोलू?"

पाहुणीला रडू आलं नाही. तिला वाटलं होतं तशी ती ओरडलीही नाही. तिने विचारलं, दात कधी गेले? पाच वर्षं झाली, आई म्हणाली. मऊ तेवढं खाते.

पुढच्या खेपेला पाहुणी मापाचं सामान घेऊन गेली. तिने आईची मान मागे केली, हनुवटी धरली आणि तोंड उघडायला सांगितलं. मापाचा लगदा तोंडात घट्ट व्हायला तीन मिनिटं लागतात. तेवढा वेळ आईचं डोकं तिच्या तळहातावर टेकलेलं होतं. अनोळखी लोकांच्या जबड्यांवर तिने आयुष्य काढलं होतं, पण त्या तीन मिनिटांत तिला घड्याळाकडे बघायचं भान राहिलं नाही, आणि माप जास्त वेळ ठेवलं गेलं.

कवळी तिने तीन आठवडे केली. पटाशीच्या दोन दातांमध्ये फट ठेवली, स्वतःच्या तोंडातल्या फटीचं माप घेऊन. ती बसवली, ओठ भरले, गाल वर आले, आणि आईने सवयीने जरासं हसून पाहिलं. पाहुणीला ती आई दिसली. दारात वाकलेली, तरुण. एवढ्यात आईने आरसा घेतला.

"फट कशाला ठेवलीस गं?" आई म्हणाली. "हिच्यापायी जन्मभर बोलणी खाल्ली मी. दोन्ही सासरी. आता तरी सरळ दे ना."

पाहुणीने बरं म्हटलं आणि कवळी परत पिशवीत ठेवली. परतीच्या बसमध्ये तिला इतका राग आला की दोन थांबे पुढे जाऊन उतरली. आठवडाभर तिने त्या कामाला हात लावला नाही. मग एका सकाळी मेण तापवायला ठेवलं आणि नवी कवळी करायला घेतली, बिनफटीची, आईला हवी तशी. जुनीतले दात काढून डब्यात टाकले, बाकीचं फेकून दिलं. ती तरुण बाई तिला पुन्हा दिसणार नव्हती. नव्या दातांतली जी होती ती सफरचंद चावून खात होती आणि खूश होती.

हिरडीला एके ठिकाणी टोचतंय म्हणून आई एकदा तिच्याकडे येऊन राहिली. पाहुणीने चार दिवस धरले होते, नवी खाटही घेतली होती. आई दोन दिवसांत निघाली. मांजराला शेजारी नीट खायला घालत नाहीत म्हणाली.

आता दर रविवारी दुपारी फोन येतो. आई मांजराचं सांगते, शेजारणीचं सांगते, किल्लीवाल्याच्या ठोकाठोकीचं सांगते. मधल्या वर्षांचं दोघी काढत नाहीत. आईने 'ठेवते' म्हटल्यावरही पाहुणी थोडा वेळ फोन कानाशी धरून ठेवते. ज्या रविवारी मुलगा आलेला असतो त्या रविवारी फोन येत नाही. मग ती कामावर जाते, एकटीच बसून जबडे घासते.

आणि फोन आला असेल तर समोरच्या खोलीतल्या बाईंना जिन्यात गाठून सांगते, "आईचा फोन होता." बाईंनी विचारलेलं नसतं, तरी सांगते.