पाणी बंद करणाऱ्या अक्का

अक्कांनी कुणाला 'छान' म्हटल्याचं मी दोन वर्षांत ऐकलं नाही. एखाद्या पोरानं जीव तोडून पोहून दाखवलं, तर त्या घड्याळाकडे बघत 'सरी' म्हणायच्या. म्हणजे ठीक आहे, चला पुढे. आमच्या सर्जापूर रोडच्या सोसायटीत मूल नुसतं झोपेतून उठलं तरी त्याचं कौतुक होतं. तिथे हे म्हणजे जवळजवळ अत्याचारच.

अक्का मल्लेश्वरमच्या, तीन पिढ्या बेंगळुरूत मुरलेल्या मराठी घरातल्या. वय बासष्ट, केस पोरासारखे बारीक कापलेले, गळ्यात शिट्टी. पोहायला शिकवायला दोन बस बदलून यायच्या आणि तरी आमच्या आधी हजर असायच्या. आम्ही लिफ्टने खाली यायचो, त्यामुळे उशीर व्हायचाच.

पहिल्या दिवशी मी माझ्या इराची बॅग, टॉवेल, गॉगल आणि बदामाचं दूध सांभाळत सोसायटीच्या पोहण्याच्या तलावाशी उभी होते. इराचे हात मोकळे. वय वर्षं तेरा, बिचारीचे खांदे नाजूक. अक्कांनी मला नखशिखान्त न्याहाळलं.

"पोहणार कोण, तुम्ही?"

"नाही, मुलगी."

"मग तिचं सामान तिला द्या आणि तुम्ही फाटकाबाहेर थांबा. स्वल्प लांबच थांबा."

माझा जन्म पुण्यातला. अपमान मला नवा नव्हता, पण तो करायचा हक्क आपल्याकडे असतो अशी माझी समजूत होती.

कुणी भोकाड पसरलं तर अक्का शांतपणे म्हणायच्या, "रडून झालं की सांग, मी इथेच आहे." एका आईनं मुलाचा वाढदिवस म्हणून आज जरा सोपं घ्या, अशी विनंती केली. "पाण्याला वाढदिवस कळत नाही हो," अक्का म्हणाल्या, आणि बर्थडे बॉयला चार फेऱ्या जास्त मारायला लावल्या. त्या आईनं आमच्याशेजारी बसून डोळे पुसले. आम्ही तिला कॉफी पाजली.

त्यांचा एक नियम मात्र अजब होता. प्रत्येक मोठ्या मुलाला एक लहान जोडीदार. शिट्टी वाजली की असाल तिथे थांबायचं आणि जोडीदाराचा हात धरून वर करायचा. मग अक्का डोकी मोजायच्या. बावीस. दर दहा मिनिटांनी हा सोहळा. सोसायटीनं जीवरक्षक ठेवलाय की, असं आम्ही बायका म्हणायचो. ठेवला होता खरा, पण तो बहुतेक वेळ मोबाइलमध्ये बुडालेला असायचा.

एका संध्याकाळी इरा हुंदके देतच घरी आली. तिची जोडीदार पिहू, वय आठ, न सांगता कपडे बदलायच्या खोलीत गेली होती. शिट्टी वाजली, पिहू सापडेना. अक्कांनी अंगावरच्या सलवार-कमीजसकट उडी मारली आणि त्या तळ शोधत राहिल्या. तेवढ्यात पिहूबाई केस विंचरत बाहेर आल्या. झालं, एवढंच. आणि एवढ्यासाठी अक्कांनी इराचं पाणी पंधरा दिवस बंद केलं. घरी बसायचीही सोय नाही. रोज यायचं आणि सगळ्यांदेखत पायरीवर बसून डोकी मोजायची.

माझं मातृत्व खवळलं. सोसायटीच्या ग्रुपवर मी एक निबंधच टाकला. कोवळं मन, मानहानी, सेफ स्पेस, सगळं होतं त्यात. ऑफिसात मी लिहिलेल्या कुठल्याही ईमेलपेक्षा तो सरस उतरला होता. तासाभरात त्यावर हृदयांचा पाऊस पडला. रविवारच्या सभेत अक्कांना निरोप द्यायचा, असं समितीनं ठरवलं. नवे सरही बघून ठेवले.

गुरुवारी नाश्त्याला इरा पोह्यांत नुसताच चमचा फिरवत होती. मग म्हणाली, "आई, शिट्टी झाली तेव्हा मी शेजारच्या मुलीचा हात वर केला होता. पिहू कुठे आहे ते मी बघितलंच नव्हतं. अक्कांची मोजणी एकवीस भरली. त्यांनी विचारलं, पिहू आहे ना? मी हो म्हटलं. म्हणून त्या परत मोजत बसल्या, त्यात वेळ गेला."

पिहू खरंच तळाशी असती तर? पण मी काय म्हटलं असेल? "बरं, आता कुणाला बोलू नकोस, मी बघते." आणि मी काहीही बघितलं नाही. इतकी हृदयं परत कशी करतात ते मला ठाऊक नव्हतं.

रविवारी अक्का शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. अध्यक्षांनी आभाराचं भाषण सुरू केलं आणि इरा उभी राहिली.

"अक्कांची चूक नव्हती. मी खोटा हात वर केला आणि खोटं बोलले."

"इट्स ओके बेटा, बस खाली," अध्यक्ष म्हणाले.

"माझं संपलं नाही, अंकल. आईला मी गुरुवारीच खरं सांगितलं होतं. तरी आई गप्प बसली."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती, आणि पोरीचा इतका अभिमानही. मी उभी राहिले. "खरं आहे ते," एवढंच जमलं.

मग समितीनं अक्कांना राहायची विनंती केली. "नको," त्या म्हणाल्या. "इथे मला शिट्टी मारायच्या आधी तुम्हाला विचारावं लागेल. पण हिच्या पंधरातले सहा दिवस राहिलेत, तेवढे पुरे करून जाते."

मला वाटलं होतं, कबुली दिली म्हणजे माफी मिळेल. सहाही दिवस इरा पायरीवर बसून मोजत होती. शेवटच्या दिवशी अक्का तिला म्हणाल्या, "उद्यापासून पाण्यात जा," आणि पिशवी उचलून निघाल्या. मी ऑटो बोलावते म्हटलं. "बेडा, नको हो, बस आहे की," म्हणत त्या गेल्यासुद्धा.

नवे सर फार गोड आहेत. पालकांना आत बसू देतात, सगळ्यांना 'ऑसम' म्हणतात. पहिल्याच दिवशी इराला तीनदा म्हणाले. घरी येऊन ती मला बिलगून रडली.

"आई, ते मोजत नाहीत."

दुसऱ्या दिवसापासून मी पायरीवर जाऊन बसते. मुलं बावीस आहेत.