काकांचा थंडीचा बंदोबस्त

थंडीला घाबरणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण खुद्द थंडीनेच ज्याला घाबरून राहावं असा एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे ईडन प्रेरीतले आमच्या शेजारचे काका. मूळचे नागपूरचे. मे महिन्याच्या उन्हात वाढलेल्या या माणसाला नोकरीने आणून टाकलं ते थेट अमेरिकेतल्या बर्फाळ मिनेसोटात, आणि तेव्हापासून त्यांनी हिवाळ्याशी उभं वैर धरलं. ऑगस्टमध्ये आम्ही अर्ध्या चड्डीवर अंगणात कणसं भाजत असताना काका कुंपणापलीकडून विचारणार, "खिडक्यांचं काय केलं तू?" मी म्हणायचो, "काका, अजून घाम येतोय." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "नागपूरला कूलर काय मे महिन्यात काढतात लोक? होळीच्या आधीच नवं गवत भरून तयार ठेवतात बापा."

स्वस्थ बसणं काकांना ठाऊक नाही. आमच्याकडे चहाला आले तरी कप एका हातात, आणि दुसऱ्या हाताचा तळवा फटी शोधत भिंतीवरून फिरत असतो. फटी शोधायचं त्यांचं खास हत्यार म्हणजे उदबत्ती. पेटती उदबत्ती खिडकीच्या कडेकडेने न्यायची. धूर थरथरला की तिथे फट. सप्टेंबर लागला की रोज संध्याकाळी काका घरभर उदबत्ती घेऊन फिरताना दिसत. पलीकडच्या अमेरिकन आजीबाईंनी मला एकदा हळूच विचारलं होतं, की तुमचा हा सण एकूण किती आठवडे चालतो? आमच्याकडच्या सत्यनारायणाला तर आरती चालू असतानाच देवापुढची उदबत्ती उचलून ते खिडकीकडे गेले, आणि प्रसाद वाटायच्या आत त्यांनी माझ्या घराची अब्रू चव्हाट्यावर आणली.

फट सापडली की तिच्यावर टेप, टेपवर फोम, आणि सगळ्या खिडकीवर पातळ प्लॅस्टिक, तेही हेअर ड्रायरने तापवून ताणून बसवलेलं. डोक्यावर केस औषधालाही नाहीत, पण घरात हेअर ड्रायर दोन. बर्फावर टाकायच्या मिठाच्या गोण्यांनी गॅरेज भरलेलं, गाडी बाहेर. गाडीत फावडं, ब्लँकेट आणि डबाभर चिवडा, कारण बर्फात अडकलं तरी नागपूरच्या माणसाने उपाशी मरायचं नसतं. पारा फार उतरला की आम्हाला फोन, "नळ टपकता ठेवला काय? पाणी गोठून पाइप फुटून जाईल ना भाऊ." हल्ली माझी मुलगीच फोन उचलते आणि हॅलोच्या जागी "येस काका, ड्रिपिंग" म्हणून ठेवून देते.

गेल्या वर्षी मात्र या सगळ्याला वेगळीच धार आली. काकू इतकी वर्षं नागपूरला सासूबाईंचं करत होत्या. इथे यायच्या त्या उन्हाळ्यापुरत्या. सासूबाई गेल्या, आणि काकू ऑक्टोबरात इकडे आल्या, पण अट घालून. "एक हिवाळा काढून पाहते. जमलं तर राहीन, नाही तर मी माझ्या घरी बरी." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको जवळ राहणार की नाही, हे आता मिनेसोटाच्या हिवाळ्यावर ठरणार होतं. काका झपाटले. संध्याकाळी ऑफिसातून आले की कोटही न काढता खिडक्या चाचपू लागले. मागचं दार टेपने चिकटवून टाकलं, पुढच्या दाराला आतून रजई लटकवली. काकू एकदा शिंकल्या, तर सगळं घर पुन्हा उदबत्तीखालून गेलं.

जानेवारीतल्या एका रविवारी, नाकातला श्वास गोठावा अशा थंडीत, काका भरदुपारी आमच्या दारात उभे. एका पायात बूट, दुसऱ्यात चप्पल. "फर्नेस बंद पडली," एवढंच म्हणाले. म्हणजे सगळं घर तापवणारी भट्टीच बंद. मी धावलो. काकू दोन शाली गुंडाळून सोफ्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "माझी गोधडी तेवढी शोधून द्या हो, सकाळपासून दिसत नाही." काका जमिनीकडे बघू लागले. मग पुटपुटले, "ती बाहेर आहे. भिंतीत तो पांढरा पाइप आहे ना, त्यातून गार हवा आत घुसून राहिली होती. मी स्वतः उदबत्ती धरून पाहिलं."

फर्नेस ज्या पाइपातून हवा घेते, त्याच पाइपात त्यांनी बायकोची गोधडी कोंबली होती. मी ती ओढून काढली तेव्हा ती पापडासारखी कडक झाली होती.

घर पुन्हा तापेपर्यंत दोघांना आमच्याकडे आणलं. माझ्या बायकोने झुणका-भाकरी केली. काकू गोधडी आठवून इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. पदर खाली घेतला तेव्हा मात्र त्या हसत नव्हत्या.

"थंडीचं मला काही नाही हो," त्या काकांना म्हणाल्या. "स्वेटर असतो, चहा असतो. पण तुम्ही सकाळी गेले की संध्याकाळपर्यंत दारात कोणी येत नाही. आणि तुम्ही ती दारंही बंद करून टाकली."

काका त्या दिवशी प्रथमच एका जागी बसून राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

काकूंनी शब्द पाळला. हिवाळा पुरा काढला, रोज दुपारी आमच्याकडे येऊन बसल्या, उन्हाळाही इथेच काढला, आणि सप्टेंबरात नागपूरला परत गेल्या. भांडण नाही, रुसवा नाही. जूनमध्ये येते म्हणाल्या.

या वर्षी कुंपणापलीकडून मला कोणीच काही विचारलं नाही. ऑक्टोबर सरत आला तरी काकांच्या खिडक्या उघड्याबोडक्या. मला चैन पडेना. शेवटी मीच टेप घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"कोणासाठी बापा?" काका म्हणाले. "एकट्या माणसाला काय, स्वेटर घालून बसता येते."

मी खुर्चीवर चढलो आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला टेप लावू लागलो. हे काम मी जन्मात धड केलेलं नाही. काका टेबलाशी पाठमोरे बसले होते. मग त्यांनी मान वळवली.

"उतर खाली. कोपरा सुटून राहिला तुझा."

मी उतरलो, ते चढले. पट्टी दाताने तोडून कोपऱ्यावर दाबत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "दाराला नाही लावायची या वेळी."