भुशाचं वासरू

कतारला निघताना एजंटाने विचारलं, जनावरांचं काही येतं का. मी म्हणालो, घरी शंभर म्हशी आहेत. घरी होती एक, तीही चुलत्याबरोबर भागीत, आणि तिचं आमच्यापैकी कोणाशीच पटत नव्हतं. पण शंभरचा आकडा ऐकून एजंट असा खूश झाला की ड्रायव्हरच्या व्हिसावर निघालेला मी समैस्मा नावाच्या किनारी गावाच्या अलीकडच्या एका जुन्या मजऱ्यावर, म्हणजे गाईगुरांच्या वाडीवर, जाऊन पडलो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. ऊन असं की दुपारी टाकीत बादली बुडवली तर वर चहाच यायचा, साखर तेवढी आपण घालायची.

मजरा तीन पिढ्यांचा. मालकाला आम्ही अरबाब म्हणायचो. त्याच्या आजोबांनी या गाई गलबतातून आणलेल्या. ठेंगण्या, तांबूस, वशिंडवाल्या. मोती काढायला जाणारी गलबतं इथलं तूप घेतल्याशिवाय किनारा सोडत नसत, असं अरबाब सांगायचा. मी त्यात भर घातली. येतील त्या पाहुण्यांना सांगायचो की एक गाय समुद्रात पडली आणि गलबताच्या आधी पोहत कतारला पोचली. आजोबा उतरले तेव्हा ती वाळूत बसून रवंथ करत होती. पुढे पुढे अरबाबच ही गोष्ट घरातली म्हणून सांगू लागला. मी समोर असलो तरी.

गाईंचं सगळं बघायचे एक ओमानी म्हातारे. अरबाबच्या वडिलांच्या काळापासून तिथेच. मी त्यांना चाचा म्हणायचो. आमची भाषा म्हणजे मोडकी हिंदी आणि उरलेलं हातवारे. त्यांचा एक नेम होता. आधी वासरू प्यायचं, मग धार. चारपैकी दोन सड वासराचे, दोन मजऱ्याचे. कितीही मोठा पाहुणा दुधासाठी खोळंबला असला तरी चाचा वासराची ढुशी थांबेपर्यंत चरवी घेऊन उकिडवे बसून राहायचे. ती जनावरंही तशीच हट्टी. वासरू दिसलं नाही की पान्हा चोरायची. आटलेल्या नळासारखी उभी राहायची.

मग दोह्याच्या दुकानांत परदेशी दुधाची खोकी आली, पावडरचे डबे आले. आमचे कॅन अर्धे भरलेलेच परत येऊ लागले. अरबाबचा थोरला मुलगा बाहेरून शिकून आला होता. तो म्हणायचा, गाई विका, जागेवर गोदाम बांधा. अरबाबला ते ऐकवत नव्हतं. त्याने दोन वाटा काढल्या. एक, दुधाचं दही आणि ताक करून कामगारांच्या कॅम्पांवर पोचवायचं. हा सल्ला माझाच, आणि तो खरोखर चांगला होता. आपली माणसं ताकावर तुटून पडली. दुसरी वाट अशी की दोह्यातल्या हॉटेलांना कोवळ्या वासरांचं मांस हवं होतं. भाव असा की नुसत्या त्यावर मजरा तगला असता. पण वासरू गेलं की दूध गेलं, आणि दूध गेलं की ताक गेलं. अरबाब या पेचात महिनाभर अडकला होता.

एका संध्याकाळी मजलिसमध्ये, अरबाबच्या बैठकीत, सगळे गालिच्यावर बसले होते. मुलगा, दोनतीन पाहुणे, दारापाशी चाचा. पुन्हा हाच विषय निघाला. पाहुणे समोर असले की माझी जीभ सुटते. मी म्हणालो, हात्तिच्या, आमच्याकडे गाईला वासरू लागतं कुठे? कातड्यात भुसा भरायचा, मिठाचं पाणी चोपडायचं, गाईपुढे उभं करायचं. गाय चाटत राहते आणि चरवी भरते. मी तर एकदा एकाच कातड्यावर गावातल्या चाळीस गाई पान्हवल्या. पाहुणे गडगडून हसले. अरबाब हसला नाही.

"मेलेल्या वासराचं?" त्याने विचारलं.

इथे एक सांगायला हवं. आमच्या गावी हे मी एकदाच पाहिलेलं. शेजारच्यांचं वासरू साप चावून मेलं तेव्हा. गाय हंबरून हंबरून आटायला लागली म्हणून म्हाताऱ्या माणसांनी कातड्यात पेंढा भरला. माझ्या आईने त्या घरचं दूध आमच्या चहात घालू दिलं नव्हतं. म्हणाली, त्या बाईला फसवून काढलंय. गाईला ती बाईच म्हणायची.

हे सगळं मला मजलिसमध्ये लख्ख आठवत होतं. पण समोर पाहुणे होते, आणि चाळीस गाई तोंडातून बाहेर पडल्या होत्या.

"जिवंत असलं तरी करतात," मी म्हणालो. "रोजचंच आहे."

अरबाब देवभीरू माणूस. बराच वेळ हातातली माळ ओढत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही लोक तर गाईला आई मानता. तुम्ही करता म्हणजे त्यात जुलूम नसणार."

आणि खलास. तिथल्या तिथे ठरलं.

मित्रांच्या बैठकीत ही गोष्ट मी शेकडो वेळा सांगितली आहे. पहिलं कातडं मी कसं शिवलं, एक कान कसा उलटा बसला, गाय कशी फसली, चरवीतून दूध कसं उतू गेलं. लोक पोट धरून हसतात. मी तिथेच थांबतो. पुढचं कुणाला सांगितलेलं नाही.

पुढचं असं. युक्ती लागू पडली. दर आठवड्याला हॉटेलची गाडी यायची, खोंड जायचे, कातडी परत यायची. ताकाचे कॅन दुप्पट झाले. गोदामाची भाषा बंद झाली. चाचा धार काढायचे, पण तोंड फिरवून. भुशाच्या वासरापुढे गाय उभी असताना ते तिच्याकडे बघत नसत. दूध पिणंही त्यांनी सोडलं, चहा कोरा.

एके दिवशी वैरण टाकताना ते माझ्याजवळ आले. सावकाश, शब्द निवडून बोलले. "आम्हीही उंटिणीला असं करतो. पिल्लू मेलं तर. तुझ्या गावात जिवंत असताना करतात, हे खरं नाही ना?"

मी पुढची पेंढी सोडायला घेतली.

"मी सांगितलं तर अरबाब म्हणेल, म्हातारा जुन्याला चिकटलाय. तू सांग. वासरं गवत खाईपर्यंत राहू दे, मग ने. एवढंच सांग. तुझं ऐकेल तो."

मी म्हणालो, आजच सांगतो. आणि खरंच गेलो. चपला काढल्या, आत बसलो. अरबाबने स्वतःच्या हाताने खजुरांचं ताट माझ्यापुढे सरकवलं आणि पाहुण्यांना म्हणाला, याने माझ्या आजोबांचा मजरा वाचवला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, यल्ला, चल, ती पोहणारी गाय सांग. मी सांगितली. त्या दिवशी तर मी गाईला वाटेत एक शार्कही भेटवला.

बाहेर आलो तेव्हा चाचा गोठ्याच्या भिंतीशी उभे होते. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि ते आत गाईंकडे वळले.

पंधरा दिवसांत त्यांनी गाठोडं बांधलं. अरबाबने पुष्कळ समजावलं, कारण विचारलं. घरची ओढ, एवढंच ते म्हणाले. दोह्यापर्यंत पोचवायला ड्रायव्हर मीच. वाटभर मी तोंड उघडलं नाही; माझ्या आयुष्यात तेवढा वेळ मी फक्त झोपेत गप्प राहिलो असेन. उतरताना ते म्हणाले, "तांबडी गाय दारापाशी बांधू नको. गाडीचा आवाज आला की ती वासराला शोधते." शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते मला कामाची सूचना देत होते, गोठ्यातल्या माणसाने गोठ्यातल्या माणसाला द्यावी तशी.

परत आलो तर अरबाब फाटकापाशीच थांबलेला. म्हणाला, "काय म्हणाला शेवटी? माझ्यावर रागावला होता का?"

खरं सांगायला याहून सोपी जागा मला कुणी दिली नसती. मजलिस नाही, पाहुणे नाहीत, आम्ही दोघंच.

"तुम्हाला दुवा दिला," मी म्हणालो. "म्हणाले, मजरा असाच चालू राहू दे."

अरबाबचे डोळे भरून आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, सोन्यासारखा माणूस होता. मी मान हलवली आणि गोठ्यात गेलो. हॉटेलची गाडी सकाळी यायची होती. न्यायचे खोंड वेगळे बांधायचे होते, आणि ते ओळखणारा तिथे आता मीच एक उरलो होतो.