वुबित आणि वातावरण-रक्षण समिती

बाहिर दार शहरातल्या विद्यापीठात वुबित मंगळाची हवा संगणकावर उडवून लावायची, आणि पगारही त्याचाच घ्यायची. ग्रहाभोवती चुंबकीय क्षेत्र असलं तर वरच्या थरातली हवा किती टिकते, नसलं तर सूर्याकडून येणारे कण ती कशी ओढून नेतात, याचं तिने प्रारूप बांधलं होतं. आई शेजारणींना सांगायची, "पोरगी हवामान खात्यात आहे." वुबितने ते खोडून काढणं केव्हाच सोडलं होतं.

एकदा प्रांताचे बडे अधिकारी शिबेशी साहेब पाहणीला आले. विभागप्रमुखांनी वुबितला पुढे केलं. तिने पडद्यावर चुंबकीय क्षेत्र बंद केलं, तसं ग्रहाभोवतीचं निळं वलय विरत गेलं. साहेबांच्या हातातली कॉफी तशीच निवली.

"ही गळती आपल्याकडे कुठवर आलीय?"

"साहेब, हा मंगळ आहे."

"आज मंगळ. उद्या आपल्यावर आलं म्हणजे लोक मलाच धरतील ना, मुली?"

झालं. वातावरण-रक्षण समिती निघाली आणि वुबित तिची सचिव झाली. खोली मिळाली, फिरती खुर्ची मिळाली, शिपाई मिळाला. काम करायला सवड तेवढी मिळेना. बैठकीत सभासद भाजलेले जव चघळत, समितीचा शिक्का गोल असावा की चौकोनी यावर हमरीतुमरीवर येत. वुबित लॅपटॉप उघडून बसे. बाई इतिवृत्त लिहिताहेत, असं समजून सगळे जरा जपून बोलत. ती मंगळाला थोडं थोडं चुंबकत्व देऊन बघत असे.

आलेलं उत्तर तिलाच पटेना. पुन्हा पुन्हा तपासलं, तरी तेच. तिच्या प्रारूपातलं क्षीण क्षेत्र हवा राखत नव्हतं. उलट ध्रुवांवरून हवेला बाहेर वाट करून देत होतं. तिला इतका आनंद झाला, की समोर कोण बसलंय याचं भान न राहून तिने ते बैठकीतच सांगितलं.

"थोडक्यात, राखणदार नसण्यापेक्षा कमजोर राखणदार असला की चोरी जास्त होते."

सगळे टेबलाकडे बघू लागले. शिबेशी साहेबांनी घसा खाकरला.

"म्हणजे आपण कमी पडतोय. सभासद दुप्पट करा."

ठराव एकमताने झाला. दुसऱ्या दिवशी वुबितने राजीनामा दिला. साहेबांना खरंच वाईट वाटलं. "इतकी चांगली खुर्ची सोडून कोण जातं?" त्यांनी विभागप्रमुखांना विचारलं.

वुबित तोवर आपल्या जुन्या खोलीत, खिडकीपाशी, ध्रुवांवरच्या गळतीचा लेख लिहायला बसली होती. वीज गेली होती, म्हणून पेन्सिलीने.