आठ भोकांचे बूट आणि एक झांज

गणपती आठवड्यावर आलेले असताना घोट्याच्या वरपर्यंत लेस असलेले कॅनव्हासचे बूट विकत घेणारा आमच्या मुलुंडच्या वस्तीत मी एकटाच निघालो. तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो, म्हणजे अक्कल यायला वयाची अडचण नव्हती.

दुकानात लाल रंगात सात नंबरच उरला होता. माझा पाय आठचा. आठमध्ये तपकिरी, बुटके बूट होते. ते इतके आरामशीर की पायात आहेत हेच विसरायला व्हायचं. मग घ्यायचे कशाला?

"टाच दाबतेय," लाल जोडात पाय कोंबून मी म्हणालो.

"कॅनव्हास आहे, सैल होईल," दुकानदार म्हणाला. अशी माणसं पुढे मंत्री होतात.

सोबत आलेले वडील लेसची भोकं मोजत होते. "एका बाजूला आठ. गणपतीत किती घरांत शिरतोस तू?"

"बाबा, फॅशन आहे ही."

"असेल. दारात बसून दाखव ती सगळ्यांना."

आम्हा कोकणातल्या लोकांची रीत अशी, की वस्तीतली सगळी मंडळी मिळून घरोघरी आरतीला जायची. झांजेचा जोड एकच आणि तो तीन वर्षं माझ्याकडे होता. मात्र झांजवाला वेळेवर आत नसेल, तर जवळ असेल त्याने ती उचलायची. आरती कोणाच्या लेससाठी थांबत नाही.

पहिल्या घरी मी आत पोचलो तेव्हा दुसरी आरती सुरू होती आणि झांज माझ्या मित्राच्या हातात. तो रबरी स्लिपर झटकून आत गेला होता. दुसऱ्या घरी मी लेस सैल ठेवून बघितली आणि जिन्यात आपटलो. तिसऱ्या घरी मी अजून दारातच, तर मित्र झांज घेऊन बाहेर पडत होता.

"काय रे, सोडतोयस की बांधतोयस?"

घरातल्या काकूंनी प्रसाद जिन्यावरच आणून दिला. "बस रे बाबा, उठू नकोस. पण बूट झकास हां!"

दुसऱ्या दिवशी टाचेला पट्टी लावून, वडिलांच्या जुन्या चपला घालून मी सर्वांत आधी आत शिरलो आणि हात पुढे केला. मृदंगवाल्या काकांनी माझ्या हातावरून नेऊन झांज मागच्या मित्राला दिली.

"राहू दे त्याच्याकडे. ताल बरा आहे त्याचा."

मी टाळ्या वाजवल्या. तशा पुढची सगळी वर्षं वाजवतो आहे.